आयर्लंडमध्ये उन्हाळी अभ्यासक्रम: इतिहास आणि संस्कृती शिकायला जाणाऱ्यांसाठी

आयर्लंडमधले इतिहास-संस्कृतीचे उन्हाळी अभ्यासक्रम साधारण जूनपासून ऑगस्टपर्यंत चालतात. काही आठवड्याभराचे असतात, काही तीन-चार आठवड्यांचे. तिथे पोचल्यावर वाचू, मग तिकिटे काढू, मग निबंधाचा विषय बघू, असे म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी फोटोच उरतात. म्हणून या लेखातली बरीचशी कामे विमानात बसण्याआधीची आहेत.

पायरी १: अभ्यासक्रम निवडणे (डिसेंबर ते फेब्रुवारी)

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला विद्यापीठांचा. डब्लिनचे युनिव्हर्सिटी कॉलेज, ट्रिनिटी कॉलेज आणि गॉलवे विद्यापीठ यांच्याकडे उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्ग असतात. इतिहास, साहित्य, पुरातत्त्व, राजकारण यांची थोडी थोडी ओळख, सोबत सहली, शेवटी निबंध आणि गुणपत्रिका. पदवीचे विद्यार्थी असाल आणि क्रेडिट हवे असेल तर हाच मार्ग.

दुसरा प्रकार एकाच विषयाला वाहिलेल्या शाळांचा. स्लायगोला १९६० पासून कवी येट्स यांच्या नावाची उन्हाळी शाळा भरते. क्लेअर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मिलटाउन मॅलबे या छोट्या गावात जुलैच्या सुरुवातीला वादक विली क्लॅन्सी यांच्या नावाची पारंपरिक संगीताची शाळा १९७३ पासून चालू आहे. त्या आठवड्यात गावात राहायला खोली मिळणे मुश्कील. डोनेगलमधल्या ग्लेनकोलमकिलला ओडस गेल ही संस्था १९८४ पासून प्रौढांना आयरिश भाषा शिकवते. इथे क्रेडिटची अपेक्षा ठेवू नका, पण ज्याला नेमके काय हवे ते ठाऊक आहे त्याला इथे आठवड्यात जे मिळते ते विद्यापीठाच्या महिन्यात मिळत नाही.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातही आयरिश अभ्यासाची उन्हाळी शाळा असते आणि ती चांगलीही आहे. पण बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये येते. तिथे जायचे तर व्हिसा ब्रिटनचा लागेल, आयर्लंडचा नाही. नावात ‘आयरिश’ बघून चुकीच्या वकिलातीचा अर्ज भरायला बसणारे असतात.

पैसे भरण्याआधी ईमेलने पाच गोष्टी लेखी विचारून घ्या: किती ईसीटीएस (युरोपातल्या विद्यापीठांची सामायिक पद्धत) क्रेडिट मिळतील, गुणपत्रिका कोण देणार, सहलींच्या प्रवेशशुल्काचा समावेश आहे का, उत्तर आयर्लंडची सहल आहे का, आणि व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गोलमाल आले तर दुसरा अभ्यासक्रम बघा.

पायरी २: व्हिसा (मार्च ते मे)

आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात, नाही. त्यामुळे शेंगेन व्हिसा इथे चालत नाही आणि इथला व्हिसा पॅरिसला चालत नाही. ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी ‘सी’ व्हिसा लागतो. त्यावर नोकरी करता येत नाही, अर्धवेळसुद्धा नाही. अर्ज ‘अवॅट्स’ या सरकारी प्रणालीवर ऑनलाइन भरायचा, शेवटी येणारा सारांशाचा कागद छापून त्यावर सही करायची आणि पासपोर्टसह सगळी कागदपत्रे व्हिसा केंद्रात द्यायची. एका प्रवेशाचे शुल्क ६० युरो, अनेक प्रवेशांचे १०० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. जूनअखेर निघायचे असेल तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फाइल गेलेली बरी, कारण मेनंतर गर्दी वाढते.

कागदपत्रांत प्रवेशाचे पत्र, शुल्काची पावती, राहण्याची सोय, विमा, गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, भारतातल्या आपल्या कॉलेजचे किंवा कंपनीचे रजेचे पत्र आणि स्वतःचे एक पानी निवेदन असते. निवेदनात भारून टाकणारी भाषा नको. हाच विषय का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध काय, खर्च कोण करणार आणि परत येऊन काय करणार, एवढेच लिहा. सातबारा, घरपट्टी असे मराठी कागद जोडत असाल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवेच. पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तो दाखवा. नकारापेक्षा लपवणे जास्त महाग पडते.

अर्ज सर्वांत जास्त अडतो तो बँकेच्या उताऱ्यावर. अर्जाच्या आदल्या महिन्यात काकांनी खात्यात टाकलेले तीन लाख अधिकाऱ्याला लगेच दिसतात, आणि ते कुठून आले याचा खुलासा नसेल तर तेवढ्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पैसे काकांचेच असतील तर तसे सांगा: त्यांचे पत्र, नात्याचा पुरावा, त्यांचे सहा महिन्यांचे उतारे. ते आपल्या खात्यात फिरवून आणू नका. नकार आला तर दोन महिन्यांत अपील करता येते, पण उन्हाळी अभ्यासक्रम तोवर संपलेला असतो.

शुल्क पाठवतानाही एक खाच आहे. परदेशी रक्कम मधल्या बँकेतून जाते आणि ती बँक स्वतःचा आकार कापते. विद्यापीठाला वीसएक युरो कमी पोचतात, खाते ‘अपूर्ण’ दिसते, पावती निघत नाही आणि पावतीविना व्हिसाची फाइल अडते. पाठवताना ‘सर्व आकार पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा आणि संदर्भात विद्यार्थी क्रमांक लिहा.

मुंबईहून डब्लिनला थेट विमान नाही. दुबई, अबूधाबी किंवा दोहामार्गे गेलात तर विमान बदलताना वेगळ्या ट्रान्झिट व्हिसाची भानगड उरत नाही. प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता आणि परतीचे तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. व्हिसा असला तरी आत सोडायचे की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

न दिसणारी सीमा

आयर्लंडचा इतिहास शिकायला गेलेला माणूस बेलफास्ट आणि डेरी न बघता परतला तर अर्धाच इतिहास शिकला. पण ही दोन्ही शहरे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहेत. डब्लिनहून बेलफास्टला रेल्वे दोनेक तासांत पोचते. वाटेत चौकी नाही, फाटक नाही. रस्त्याच्या पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात आणि दुकानात युरोचे पौंड, तेवढ्यावरून सीमा ओलांडल्याचे कळते. कोणी अडवत नाही म्हणून परवानगी आहे असा अर्थ होत नाही. बसमध्ये अधूनमधून तपासणी होते, आणि पुढच्या कुठल्याही व्हिसाला हे प्रकरण त्रास देऊ शकते.

भारतीय नागरिकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त योजना आहे. व्हिसाच्या स्टिकरवर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरे असतील तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते; मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावे लागते. अक्षरे नसतील तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढा किंवा त्या सहलीला जाऊ नका. पासपोर्ट हातात आल्या दिवशी स्टिकर वाचा आणि सहल आखणाऱ्या कार्यालयाला कळवा. त्यांचे बहुतेक विद्यार्थी अमेरिकन असतात, त्यांना हा प्रश्नच पडत नाही, त्यामुळे तुम्हाला कोणी आपणहून विचारणार नाही.

तिथे शब्दही जपून वापरा. ‘डेरी’ की ‘लंडनडेरी’ यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखली जाते: पहिले म्हणणारा बहुधा आयर्लंडशी एकीकरण मागणारा, दुसरे म्हणणारा ब्रिटनसोबत राहू इच्छिणारा. समोरचा जे म्हणेल ते म्हणावे. आयर्लंडला ‘ब्रिटिश बेटां’पैकी एक म्हणू नका. १२ जुलैच्या आसपास बेलफास्टला जाणार असाल तर त्या दिवशी १६९०च्या बॉइनच्या लढाईच्या स्मरणार्थ मिरवणुका निघतात, बरीच दुकाने बंद असतात आणि बसचे मार्ग बदलतात, हे लक्षात ठेवा.

पायरी ३: जाण्याआधीचे वाचन

सनावळीचा एक सांगाडा डोक्यात पक्का हवा: ११६९ला अँग्लो-नॉर्मन आले, १६०९पासून उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात ब्रिटनमधून आणलेल्या लोकांच्या वसाहती बसल्या, १८०१ला ब्रिटनशी विलीनीकरण झाले, १८४५ ते १८५२ महादुष्काळ पडला, एप्रिल १९१६ला ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव, डिसेंबर १९२१ला ब्रिटनशी तह, १९२२-२३ला यादवी, १९९८ला उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षावरचा गुड फ्रायडे करार. वर्गात या तारखा कोणी शिकवत नाही, त्या येतात असे धरूनच बोलतात. यादवीवर आपल्याकडचे विद्यार्थी हमखास कमी वाचून येतात. तहाच्या बाजूचे आणि विरुद्धचे अशी जी फाळणी तेव्हा झाली तिच्यातूनच पुढे फिअना फॉल आणि फिन गेल हे दोन मोठे पक्ष आले, त्यामुळे ती सोडून पुढचे राजकारण कळत नाही.

यापुढे पुस्तकांपेक्षा मूळ कागदांवर वेळ घालवा. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९०१ आणि १९११च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते मोफत खुले केले आहेत. एखादी काउंटी, मग गाव, मग गल्ली निवडा आणि १९११चा एक तक्ता पूर्ण वाचा. कुटुंबप्रमुखाची सही किंवा अंगठ्याच्या जागी फुली, धर्म, वाचता-लिहिता येते का, व्यवसाय, जन्मकाउंटी. शेवटाकडे आयरिश भाषेचा रकाना: ‘आयरिश’, ‘आयरिश व इंग्रजी’ किंवा कोरा. आजीच्या पुढे ‘आयरिश’, बापापुढे दोन्ही आणि मुलांपुढे कोरी जागा असे घर सापडले की भाषा कशी गेली याचे व्याख्यान लागत नाही. त्या वर्षी विवाहित स्त्रियांना जन्मलेली मुले किती आणि हयात किती असे दोन आकडेही विचारले होते. डब्लिनच्या चाळवजा घरांतले ते दोन रकाने शेजारी ठेवून वाचा.

शोधताना आडनावाचे एकच रूप टाकू नका. ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी लावलेले, कधी गाळलेले असतात. आणि १९०१च्या मागे जायला निघालात तर भिंत लागते. १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद जून १९२२ला यादवीच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जळाले. १८६१ ते १८९१चे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. म्हणून दुष्काळकाळातल्या कुळांसाठी ग्रिफिथची जमीन-मोजणी वापरतात. तिच्यात कूळ, मालक आणि आकारणी मिळते, घरातली बायकामुले मिळत नाहीत.

आणखी दोन साठे. १९१३ ते १९२१च्या लढ्यात भाग घेतलेल्यांच्या १,७७३ जबान्या लष्करी इतिहास विभागाने १९४७ पासून पुढे दहा वर्षे नोंदवल्या. वाचायला भन्नाट, पण तीस वर्षांनंतरची आठवण आहे आणि तहविरोधकांपैकी काहींनी बोलायलाच नकार दिला होता, हे निबंधात लिहिले नाही तर गुण जातात. दुसरा साठा लोककथांचा: १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधे, म्हणी, दुष्काळाच्या आठवणी वहीत उतरवल्या. उत्तरेतल्या सहा काउंट्या, म्हणजे उत्तर आयर्लंड, त्यात नाहीत.

निबंधाला भारताचा धागा हवा असेल तर तो ओढूनताणून आणावा लागत नाही. टिळकांनी होमरूल लीग स्थापली ती एप्रिल १९१६मध्ये बेळगावला, म्हणजे डब्लिनचा उठाव झाला त्याच महिन्यात, आणि ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतूनच आलेला. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे १९३७च्या आयरिश घटनेवरून घेतली, हे एमपीएससी करणाऱ्याला पाठच असते. तिथे जाऊन त्या घटनेचे ४५वे कलम मुळातून वाचा. जून १९२०मध्ये जालंधरला ब्रिटिश लष्करातल्या कॉनॉट रेंजर्स या पलटणीच्या आयरिश शिपायांनी बंड केले. पण ‘आपण दोघेही गुलामीत होतो’ या एका वाक्यावर निबंध उभा करू नका. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर टिपररी काउंटीतला होता. साम्राज्य चालवणाऱ्यांतही आयरिश होते, आणि चांगला प्राध्यापक पहिल्याच चर्चेत तिथे बोट ठेवतो.

पायरी ४: आगाऊ तिकिटे

किलमेनम तुरुंग, जिथे १९१६च्या १४ नेत्यांना गोळ्या घातल्या, फक्त मार्गदर्शकासोबत बघता येतो. तिकिटे २८ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि उन्हाळ्यात चटकन संपतात. न मिळाल्यास त्या दिवशी सकाळी रद्द झालेली काही तिकिटे पुन्हा येतात, ती बघत राहा. बॉइन खोऱ्यातले न्यूग्रेंज हे सुमारे इ.स.पू. ३२००चे दफनस्थळ. तिथे थेट जाता येत नाही, ब्रू ना बोन्या केंद्रातूनच बसने नेतात आणि आतल्या दालनाची जागा आधी राखावी लागते. सरकारी वास्तूंसाठी वर्षाचे ‘हेरिटेज कार्ड’ मिळते. विद्यार्थ्यांना ते फार स्वस्त पडते, तीन-चार ठिकाणांत वसूल. कार्ड असले तरी वेळेची नोंदणी वेगळी करावीच लागते, ही चूक दारात पोचल्यावर कळते.

राष्ट्रीय संग्रहालये आणि डब्लिन किल्ल्याच्या आवारातले चेस्टर बीटी संग्रहालय यांना प्रवेशशुल्क नाही. चेस्टर बीटीत मुघल चित्रेही आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाचे वाचककार्ड फुकट मिळते. पासपोर्ट सोबत न्या आणि पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

दुष्काळाचा अभ्यास करायचा तर डब्लिनच्या नदीकाठचे पुतळे बघून थांबू नका. रॉसकॉमन काउंटीतल्या स्ट्रोक्सटाउनला जमीनदाराच्या वाड्यातच दुष्काळाचे संग्रहालय आहे. १८४७ला याच इस्टेटीतल्या १,४९० कुळांना डब्लिनपर्यंत पायी चालवत नेऊन जहाजावर चढवले. त्याच साली जमीनदार मेजर मेहन याचा खून झाला. वाडा, स्वयंपाकघर आणि कुळांचे अर्ज एकाच छताखाली बघायला मिळतात.

राहणे, खाणे, फिरणे

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर नको. ताज्या फळांना आणि पानांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे जूनमधली हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही घरीच राहतील. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोहे बिनदिक्कत न्या.

विद्यापीठाच्या वसतिगृहात बहुधा पाच-सहा जणांत एक स्वयंपाकघर असते. कढई-पातेली आहेत का ते आधी विचारा. शेगडी चालत नसेल तर भिंतीवरचे तिचे वेगळे मुख्य बटण बघा. आणि फोडणीची काळजी घ्या: मोहरी-मिरचीच्या धुराने आगीची घंटा वाजते, सगळी इमारत रात्री बाहेर येऊन उभी राहते आणि काही ठिकाणी दंडही होतो. झाकण ठेवा, पंखा लावा, खिडकी उघडा, पण मार्गिकेकडचे दार बंद ठेवा. उघडलेत की धूर सरळ बाहेरच्या घंटेकडे जातो. शाकाहारी असाल तर भाज्यांच्या सुपातही कोंबडीचा अर्क असू शकतो, विचारून घ्या.

डब्लिनमध्ये लीप कार्ड घ्या. एकदा टेकवले की ९० मिनिटांत बस, ट्राम, लोकल बदलता येते. १९ ते २५ वयोगटाचे आणि विद्यार्थ्यांचे कार्ड काढले तर भाडे निम्मे. जुलैतही पारा विशीच्या आसपासच असतो. पश्चिम किनाऱ्यावर छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचे जलरोधक जाकीट हवे. अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळे जेवणाची वेळ टळून दुकाने बंद झालेली कळत नाहीत. प्लग ब्रिटनसारखे चौकोनी तीन पिनांचे.

आयरिशभाषक पट्ट्यात, म्हणजे गेलतख्तमध्ये, पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, म्हणून बसथांब्याची दोन्ही नावे वहीत लिहून ठेवा. स्वच्छतागृहाच्या दारावर ‘एफ’ने सुरू होणारा शब्द पुरुषांचा, ‘एम’ने सुरू होणारा स्त्रियांचा, इंग्रजीच्या सवयीने नेमके उलटे दार उघडले जाते. नावे ऐकून देवनागरीत लिहून ठेवली तर चुका कमी होतात: शिवॉन, नीव्ह, सीर्शा, डन लिअरी, टीशख. टीशख म्हणजे पंतप्रधान. २०१७ला त्या पदावर आलेले लिओ वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, हे तिथे पुष्कळांना माहीत असते.

वर्गात आणि वर्गाबाहेर

प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. ‘सर’ म्हटलेत तर कोणी रागावणार नाही, पण तेच तुम्हाला दुरुस्त करतील. चर्चेत गप्प बसणे म्हणजे वाचून न येणे असे धरले जाते. रोज एक प्रश्न लिहून न्या, तेवढे पुरते. निबंधात प्रसंगांचे वर्णन लांबवू नका. एक प्रश्न, दोन-तीन मूळ साधने, त्यांच्या मर्यादा आणि तुमचे मत, हा साचा सर्वत्र चालतो.

पबमधल्या संगीताच्या बैठकीला ‘सेशन’ म्हणतात. टेबलाभोवतीच्या खुर्च्या वादकांच्या, तिथे बसायचे नाही. कोणी एकट्याने गायला लागले की बोलणे थांबवायचे आणि रेकॉर्डिंगआधी विचारायचे. दारू घेत नसाल तर चहा किंवा लिंबूसोडा मागा, त्यात अवघडण्यासारखे काही नाही. पण कोणी सगळ्यांसाठी पेये आणली तर पुढची पाळी तुमची असते, ती चुकवू नका.

हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा, एक सामना बघाच, शक्यतो काउंटीच्या मैदानावर. प्रत्येकी १५ खेळाडू. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक. धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात, बेरीज तुम्हीच करायची. खेळाडूंना पगार नसतो. ज्या क्रोक पार्कवर अंतिम सामने होतात तिथेच २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी केलेल्या गोळीबारात १४ जण गेले. मैदानातल्या संग्रहालयात आधी जाऊन मग सामना बघावा.

क्रेडिटचे काम

युरोपात पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस धरतात आणि आयर्लंडमध्ये एका ईसीटीएसमागे २० ते २५ तासांचे काम. म्हणजे ५ ईसीटीएसचा अभ्यासक्रम १०० ते १२५ तासांचा होतो. त्यातले वर्गातले तास कमी, वाचनाचे जास्त. आपल्याकडच्या क्रेडिटशी हे एकास एक जुळत नाही. निघण्याआधीच विभागप्रमुखांना अभ्यासक्रमाचा तपशील, तासांची संख्या आणि मूल्यमापनाची पद्धत दाखवून किती क्रेडिट धरणार ते लेखी घ्या, कारण परतल्यावर सत्र सुरू झालेले असते आणि फाइल फिरत राहते. गुणपत्रिका अभ्यासक्रम संपल्यावर काही आठवड्यांनी निघते. ती थेट तुमच्या कॉलेजकडे पाठवण्याची विनंती शेवटच्या आठवड्यात कार्यालयात भरून द्या आणि पासपोर्टवरचेच स्पेलिंग लिहा; वडिलांचे नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून कागद परत येतात.